मिहीरचे गुडघे

३ मार्च २००९, स्लाऊ

आज जेवताना मिहीरने जाहीर केलं की त्याला गिनीपिग व्हायचंय. मी म्हटलं, आधी ती भेंडी संपव, मग काय व्हायचं ते हो. पण पोरगं गंभीर होतं.

लंडनच्या हॉस्पिटलात हिमोफिलियावर नवीन प्रयोग सुरू होतोय. आमच्या मिहीरच्या रक्तात जखम बांधणारा नववा घटक जन्मापासून नाही. म्हणून आठवड्यातून दोनदा तो स्वतःच्या शिरेत हाच घटक, म्हणजे फॅक्टर, टोचून घेतो, गेली कित्येक वर्षं, दात घासावेत तसं. आता म्हणे, एका निरुपद्रवी विषाणूच्या पोटात चांगलं जनुक भरायचं, सलाईनमधून शरीरात सोडायचं. ते लिव्हरमध्ये जाऊन बसलं की लिव्हर आपला आपण फॅक्टर करायला लागेल. निदान उंदरांमध्ये आणि माकडांमध्ये लागलं.

"एकदाच मिळते ते," मिहीर म्हणाला. "नंतर बॉडी त्या व्हायरसला ओळखतो. सेकंड चान्स नाही."

कमलाकरांचा घास हातातच राहिला. (डायरीत नवऱ्याचं नाव घ्यायला हरकत नसावी. तोंडाने अजून जमत नाही.)  सव्वीस वर्षांपूर्वी हा आजार माझ्याकडून त्याच्याकडे गेला. आता कोणी तो परत घेतो म्हणत असेल तर मी कोण नाही म्हणणारी? पण भीती वाटतेच. म्हणून ही वही काढली. बोलायला कोणी नाही.

११ मार्च

हॉस्पिटलात जाऊन आलो. ग्लेनिस नावाची वेल्श नर्स आहे. चांगली आहे, पण सगळं सांगते. काही लपवत नाही, हाच तिचा दोष. अमेरिकेत दुसऱ्याच एका आजारासाठी असला जनुकाचा उपचार केला होता, त्यात एक तरुण मुलगा गेला. तेही तिने सांगितलं, चहा देता देता. लिव्हर बिघडू शकतं. काहीच न होता नुसतंच वाया जाऊ शकतं.

मग म्हणाली, उपचार फक्त लिव्हरपुरता आहे. मिहीर बरा झाला तरी त्याच्या मुलींमध्ये दोष जाणारच, आणि घराण्यात ज्या बायका वाहक असतील त्या वाहकच राहतील. "तुमच्या बहिणी आहेत का? त्यांची कधी तपासणी झाली?"

मी म्हटलं, एक बहीण आहे, पुण्याला. तिच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. ग्लेनिस माझ्याकडे बघत राहिली. मी पर्समध्ये ट्रेनचं तिकीट शोधायला लागले. मिहीर भिंतीवरचं लिव्हरचं चित्र बघत होता.

२९ मार्च

वैभवीला दिवस गेले! सकाळी तिचा फोन आला आणि मी हातातला पोळ्यांचा डबा टाकून नाचले. माझ्या धाकट्या बहिणीची, मधूची ही एकुलती एक मुलगी. दोन वर्षांपूर्वी लग्न झालं, जावई अनुप आयटीत. वर्क व्हिसावर येऊन दोघं वॉटफर्डला राहतात. मधू पुण्यात, म्हणजे इथे वैभवीचं माहेर आम्हीच. "मावशी, बाळंतपण तुझ्याकडेच हं," म्हणाली. मी तिला लगेच डिंकाच्या लाडवांचं आश्वासन देऊन टाकलं.

मधूशीही बोलले. रडत होती. मग मिहीरची चौकशी केली. "गुडघे कसे आहेत गं त्याचे? सूज येते का अजून?" माझ्यापेक्षा तिलाच त्या गुडघ्यांची काळजी जास्त.

इथे खरं लिहायला हवं, नाहीतर उद्या मलाच कळायचं नाही. भारतात आम्ही मिहीरचा आजार कोणाला सांगितलेला नाही. त्याला बालसंधिवात आहे, असंच सगळ्यांना माहीत. इंजेक्शनं व्हिटॅमिनची. आणि आमचा भाऊ पद्माकर, तो सांगलीला अकराव्या वर्षी विषमज्वराने गेला, असं मधूला माहीत. ती तेव्हा दोन वर्षांची होती. मी सात वर्षांची. विषमज्वर वगैरे काही नव्हता. त्याची दाढ काढली होती. उशी बदलली की पुन्हा भिजायची. दोन दिवस चाललं होतं ते.

मिहीरचं निदान झालं तेव्हा आईला मी कळवलं. मधूचं लग्न तोंडावर होतं. आईने फोनवरून मला शपथ घातली. "मधूला यातलं काही कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची." मधूचं लग्न झालं, मूल झालं, मुलगी झाली. म्हटलं, सुटलो. मग वैभवीसाठी स्थळं बघायला लागले. तेव्हा कोण बोलणार?

कमलाकर म्हणतात, "तुमच्या माहेरचं आहे. तू ठरव." सगळ्या चांगल्या गोष्टींत ह्यांना मत असतं, नेमकं इथे नाही.

८ मे

वैभवीबरोबर वॉटफर्डला मिडवाइफकडे गेले. अनुपला ऑफिसातून सुटता आलं नाही, आणि अशा वेळी माहेरचं माणूस लागतंच. मिडवाइफ गोड होती, केसांत पेन खोचलेलं. शंभर प्रश्न. आईवडिलांना डायबेटिस? बीपी? जुळी? वैभवी पटापट उत्तरं देत होती.

मग तिने विचारलं, दोन्हीकडे कोणाला रक्तस्रावाचा, रक्त न गोठण्याचा काही त्रास?

"मावशी, आपल्याकडे तसं काही नाही ना?"

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत काही नव्हतं. विश्वास होता नुसता.

"नाही गं," मी म्हटलं. "आपल्याकडे सगळे दणकट."

मिडवाइफने पुढचा प्रश्न विचारला. मग आम्ही दोघींनी हाय स्ट्रीटवर चीज टोस्टी खाल्ली. वैभवीला आंबट खावंसं वाटत होतं म्हणून लोणच्याची बरणी घेतली.

९ मे

झोप आली नाही. हिशोब असा आहे. मधू वाहक असेलच असं नाही. अर्धी शक्यता. असली तरी वैभवी असेलच असं नाही. पुन्हा अर्धी. असली तरी मुलगाच होईल कशावरून? झाला तरी त्याला असेलच कशावरून? अर्ध्याचं अर्धं करत गेलं की शेवटी काही उरत नाही. लाटून लाटून पोळी आरपार दिसायला लागते तसं.

आणि आता सांगून काय होणार? अनुपची आई कोल्हापूरची, तोंडाने फटकळ. "रोग लपवून मुलगी दिली" म्हणायला कमी करणार नाही. पोटुशा पोरीला कशाला घोर?

त्यापेक्षा मी असं ठरवलंय. मिहीर बरा होऊ दे. बरा झालेला आजार सांगायला सोपा. "अगं, असं असं होतं, पण आता त्याच्यावर औषध निघालंय, हा बघ मिहीर." मग कोणी घाबरणार नाही. जिवात जीव आला.

१६ जून

मिहीर पास! त्याच्या रक्तात त्या विषाणूची ओळख नाही, म्हणजे प्रयोगात घेणार. सप्टेंबरमध्ये. मी म्हटलं, इतक्या उशिरा? ग्लेनिस म्हणाली, आधीच्या पेशंटचं कसं जातंय ते बघून मगच पुढचा.

मला घाई आहे हे तिला कसं सांगणार.

मधूचा फोन होता. म्हणाली, "ताई, मुलगीच होऊ दे बाई वैभवीला. मी गणपतीला बोलले आहे." मी चाटच पडले. ही कधीपासून इतकी पुढारली? म्हटलं, मी पण तेच मागतेय. दोघी हसलो. अनुप परवा सगळ्यांना सांगत होता की आमच्याकडच्या बायका किती मॉडर्न आहेत, सगळ्यांना मुलगीच हवी.

३ जुलै

मुलगा आहे.

इथे सोनोग्राफीत सरळ सांगतात. आपल्याकडे गुन्हा, इथे विचारलं की हसून सांगतात. वैभवीने विचारलं. पडद्यावर काहीतरी दाखवलं, मला काही कळलं नाही.  खुर्ची धरून बसले. सकाळपासून काही खाल्लं नव्हतं, त्याने असेल.

वैभवीने तिथूनच मधूला फोन लावला, स्पीकरवर. "आई, नातू आहे!" पलीकडून काही आवाजच येईना. "हॅलो? आई?" लाइन कट झाली असावी. थोड्या वेळाने मधूने पुन्हा लावला, छान बोलली, पण सर्दी झाल्यासारखा आवाज होता.

घरी आल्यावर कमलाकरांना सांगितलं. ते बराच वेळ बागेत पाइप धरून उभे राहिले. टोमॅटोच्या वाफ्यात तळं झालं. मग आत येऊन म्हणाले, "सांगून टाक, अलका."

मी म्हटलं, अहो, सांगणार आहे. सप्टेंबर होऊ दे.

"बाळाची तारीख मिहीरच्या लिव्हरसाठी थांबणार नाही."

इतकी वर्षं तू ठरव, तू ठरव. आणि आता हे. मी आता दोन दिवस ह्यांच्याशी बोलणार नाही.

८ सप्टेंबर

झालं. इतकं साधं असेल असं वाटलं नव्हतं. पाण्यासारखी एक पिशवी, हातात सुई, थोडा वेळ. पिशवी आणणाऱ्या माणसाने गाउन, हातमोजे, चष्मा घातलेला, आणि ती पिशवी मिहीर नुसत्या टी-शर्टवर शिरेत घेतोय. कोणाला कोणापासून जपायचं होतं कोण जाणे.

मी खिडकीशी बसून अथर्वशीर्ष म्हणत होते. मिहीर म्हणाला, "आई, थोडा हळू, डॉक्टरला वाटेल मी मरतोय." मी त्याच्या पायावर चापट मारली आणि मग लगेच बघितलं, वळ उठला का. ही सवय आता जाईल का?

रात्रभर ठेवून घेतलंय. ताप नाही.

२७ सप्टेंबर

वैभवीचं डोहाळजेवण. वॉटफर्डच्या त्यांच्या दोन खोल्यांत पंचवीस बायका. हिरवी साडी, फुलांचे दागिने मी लेस्टरहून मागवले होते. इतकी गोड दिसत होती की मी कानामागे काजळाचा ठिपका लावला. सगळ्या बायका तिच्या पोटाला हात लावत होत्या. मी नाही लावला.

मधू स्काइपवर होती. गाणी चालू असताना तिने मला बाजूला यायला सांगितलं. मी लॅपटॉप उचलून बाथरूममध्ये गेले. "ताई, तिकडे सिझर करत नाहीत का गं? सरळ सिझरच करा म्हणावं. उगीच ओढाताण नको." मी म्हटलं, अगं, इथे कारणाशिवाय पोटाला हात लावत नाहीत. आणि वैभवी तरुण आहे, धडधाकट आहे. "हो, पण तू सांगून बघ ना," म्हणत राहिली. हिला अलीकडे काय काय सुचतं.

मिहीर आला होता. बायकांत एकटाच, ताटं उचलत होता. वैभवी म्हणाली, "मिहीर, गुडघे दुखतील, बस तू." तो माझ्याकडे बघून म्हणाला, "गुडघे बरी आहेत आता." गुडघे 'बरी' म्हटल्यावर बायका हसल्या. त्याला हसू आलं नाही.

६ ऑक्टोबर

पाच टक्के फॅक्टर! एक टक्कासुद्धा नव्हता, आता पाच. ग्लेनिस फोनवर ओरडलीच. सप्टेंबरपासून सुई बंद आहे आणि एकही सांधा सुजलेला नाही. मिहीरने संध्याकाळी स्वयंपाकघरात मला उचलून फिरवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी "अरे, गुडघा!" असं ओरडले नाही. ओरडले, पण हळू.

ठरलं. दिवाळीला वैभवी आणि अनुप इकडे जेवायला येताहेत. तेव्हा सांगणार. श्रीखंड खाऊन झाल्यावर. वाक्यं मनाशी जुळवून ठेवली आहेत. कमलाकरांना सांगितलं, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

१६ ऑक्टोबर

हॉस्पिटलचा फोन. लिव्हरचे आकडे वाढलेत. शरीराने विषाणू ओळखला असावा आणि त्याच्यासकट चांगल्या पेशीही मारायला घेतल्या असाव्यात, असं म्हणतात. उद्यापासून स्टिरॉइड. फॅक्टर तीनवर आलाय. शून्यावर गेला तर संपलं, पुन्हा कधीच नाही.

मिहीर त्याच्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. आम्ही दोघं जिन्यात बसून राहिलो.

१७ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

जेवले, हसले, फुलबाज्या पेटवल्या. वैभवीला आता वाकवत नाही, अनुपने तिचे बूट घालून दिले. नाही सांगितलं. काय सांगणार होते? की आजार आहे, आणि त्याच्यावरचं औषधही हरतंय?

श्रीखंड वाढताना कमलाकर माझ्याकडे बघत होते. मी पुन्हा पुन्हा वाढत राहिले.

१ नोव्हेंबर

आज मिहीरशी भांडण. असं भांडण आमच्यात कधी झालं नव्हतं.

स्टिरॉइडने त्याचा चेहरा सुजलाय, झोप नाही, चिडचिड. मी चहा घेऊन गेले तर म्हणाला, "मी वैभवीला सांगतो. आज फोन करतो."

मी म्हटलं, काय सांगतोस?

"तुला माहीत आहे काय. ग्लेनिसने मला विचारली, तुझी कझिन प्रेग्नंट आहे ती टेस्ट झाली का. मी खोटं बोललो, आई. मी म्हणालो शी नोज. मला खूप घाण वाटली."

मी समजावलं. शेवटचे दिवस आहेत, पोरीचं बीपी वाढेल, तिच्या सासूचा स्वभाव तुला माहीत नाही. थोडे दिवस, तुझी तब्येत एकदा स्थिर झाली की मी स्वतः.

"माझी आजार तुला एवढी शरम वाटते?"

"शरम नाही रे राजा."

"मग मी बरा होऊन तुला काय पाहिजे? लपवायला ईझी?"

मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि त्याला माझी शपथ घातली. मला हे लिहवत नाही, पण घातली. "माझं मेलेलं तोंड बघशील," म्हटलं. इथे वाढलेला मुलगा, शपथेवर विश्वास नाही त्याचा. पण माझ्यावर आहे. त्याने फोन ठेवून दिला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

खूप रडले आज. पण केलं ते त्यांच्या भल्यासाठीच केलं.

१७ नोव्हेंबर

लिव्हर शांत! फॅक्टर चारवर थांबलाय, तीन आठवडे हललेला नाही. डॉक्टर म्हणाले, जनुक टिकलं असं धरायला हरकत नाही. मी फोन ठेवला आणि देवासमोर बसले, उठलेच नाही. कमलाकरांनी स्वतः शिरा केला, गुठळ्या झालेला. सगळा खाल्ला.

शनिवारी वॉटफर्डला जाणार आहे आणि वैभवीला सगळं सांगणार आहे. बाळाची तारीख अजून पुढच्या आठवड्यात आहे. वेळेत झालं सगळं. मी उगीच घाबरत होते.

१८ नोव्हेंबर

दुपारी अनुपचा फोन. वैभवीला कळा सुरू झाल्या. आठवडाभर आधीच! डिंकाचे लाडू, मऊ दुपटी, सगळं घेऊन निघाले. मिहीरने गाडी चालवली. 

स्वाइन फ्लूमुळे आत दोघांनाच सोडतात. अनुप आणि मी आत गेलो. मिहीर खाली कॅफेत थांबला.

१९ नोव्हेंबर

पहाटे बाळ झालं. मुलगा, गुबगुबीत, अनुपचं नाक. खूप अडलं होतं. शेवटी डॉक्टर आल्या, म्हणाल्या, थोडी मदत करूया, आणि बाळाच्या डोक्याला वाटीसारखा कप लावून ओढलं.

तो कप आणला तेव्हा मी उभी होते, वैभवीचा हात माझ्या हातात होता. तोंड उघडलं होतं मी. पण ती इतकी ओरडत होती, आणि सगळे "पुश, पुश" म्हणत होते, आणि मग बाळ रडलंच. रडलं म्हणजे झालं. चांगलं खणखणीत रडलं.

डोक्यावर कपाचा जांभळा गोल उठलाय. मिडवाइफ म्हणाली, होतो असा, दोन दिवसांत जातो. मांडीत व्हिटॅमिनचं इंजेक्शन दिलं.

मधूला कळवलं. तिने पहिला प्रश्न विचारला, "सिझर झालं ना?"

२० नोव्हेंबर

सकाळी गेले तर तो गोल खाली उतरला होता. कानाच्या मागे, मऊ, लिबलिबीत. मांडीवर इंजेक्शनच्या जागी लिंबाएवढी गाठ. टाचेतून रक्त घेतलं होतं तिथला कापूस लाल. नर्सने बदलला. पुन्हा लाल. बाळ पांढरंफटक आणि दूध ओढत नव्हतं.

मला सांगलीची ती उशी दिसत होती.

एक तरुण डॉक्टर आला, मग त्याची वरिष्ठ बाई आली. तिने अनुपला विचारलं, तुमच्या कोणाच्या घरात रक्ताचा काही आजार?

"नो," अनुप ठामपणे म्हणाला. "पहिल्या व्हिजिटलाच विचारलं होतं. मावशी स्वतः होत्या तिथे. देअर इज नथिंग इन द फॅमिली."

डॉक्टरबाई माझ्याकडे वळल्या. वैभवी माझ्याकडे बघत होती. माझी जीभ उचलेना. 

"आय हॅव इट."

मिहीर दारात उभा होता. नर्स त्याला थांबवत होती, दोनच जणांना परवानगी आहे म्हणून. तो तसाच आत आला. "सिव्हिअर हिमोफिलिया बी. मी तिच्या मावशीचा मुलगा. आमचा मामापण गेला त्यानेच. बाळाला फॅक्टर नाईन द्या. टेस्टसाठी थांबू नका, आधी द्या."

डॉक्टरबाई पळाल्याच. खरंच पळाल्या.

वैभवीने माझ्यावरची नजर काढली.  मिहीरला म्हणाली, "तू बस माझ्याजवळ." मग नर्सला इंग्लिशमध्ये म्हणाली, आत येणाऱ्यांत माझा नवरा आणि हा. बाकी कोणी नको.

मी बाहेर आले.

२२ नोव्हेंबर

बाळाला लंडनला हलवलंय. डोक्याच्या आत रक्त साचलं होतं, काल काढलं. फॅक्टर चालू आहे. पुढे काय ते कोणी सांगत नाही. मिहीर तिथेच आहे, मला मेसेज करतो. "सेम." "सेम." "स्टिल सेम."

मधू व्हिसासाठी धावपळ करतेय. आज तिला फोन केला आणि सगळं सांगितलं. पद्माकरची दाढ, मिहीर, आईची शपथ, मिडवाइफ. एका दमात. म्हटलं, आता ही मला कापून काढेल, काढू दे.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "ताई, मला माहीत होतं."

मला कळेचना.

"पद्माकरदादाचं मला आईने लग्नानंतर सांगितलं. वैभवी पोटात होती तेव्हा. मलाही शपथ घातली. म्हणाली, अलकाला बोलू नकोस, मुलाचं झाल्यापासून ती खचलीये, तुला कळलंय हे तिला समजलं तर मोडून पडेल. मिहीरचे गुडघे कसले आहेत ते मला पहिल्यापासून माहीत होतं."

"मग तू वैभवीला का नाही..."

"मला वाटलं, तू तिथे आहेस. डॉक्टरांच्या गराड्यात असतेस. तू गेली होतीस ना तिच्याबरोबर? मला वाटलं, तू सांगशीलच."

 पंचवीस वर्षं मी तिला जपत होते आणि ती मला.

मग डोळे पुसल्यासारखा आवाज आला आणि मधू म्हणाली, "अनुपच्या आईला मात्र इतक्यात नको कळायला. डॉक्टरांनी ओढताना चूक केली असंच सांगूया. आणि नागपूरच्या आपल्या मावसबहिणीकडे, नंदाकडे तर अजिबात बोलू नकोस हं. तिच्याकडे लग्नकार्य आहे."

२३ नोव्हेंबर

सकाळी मिहीर घरी आला, अंघोळीपुरता. दाढी वाढलेली. बाळ अजून डोळे उघडत नाही. उघडेल तेव्हा कितपत शाबूत असेल ते आत्ता सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्याने टॉवेल खांद्यावर टाकला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"ग्लेनिस फॅमिली ट्री काढते. आजीच्या बहिणी होत्या?"

"एक होती. धाकटी."

"तिला मुली?"

"एक. नंदा. नागपूरला असते."

"आणि तिला?"

मी फ्रीजकडे पाहिलं. नंदाला ईरा आहे. पुढच्या रविवारी ईराचं लग्न आहे. पत्रिका आमच्या फ्रीजवर लावलेली होती, मिहीरने मान वळवली आणि वाचली. मराठी अक्षरं तो सावकाश जुळवतो. शेवटच्या ओळीपर्यंत वाचली आणि टॉवेल सावरला. अंघोळीला गेला.

कमलाकर पेपर बाजूला ठेवून बसले होते. ह्या वेळी तू ठरव म्हणाले नाहीत. फोन उचलून माझ्या हातात दिला.

नागपूरला दुपार असणार. पहिल्याच रिंगला उचलला. मागे भांड्यांचा आवाज, बायकांचा गलका, कोणीतरी उखाणा घेत होतं.

"अगं अलकाताई! काय मुहूर्त साधलास! आज ईराचं केळवण आहे, सगळ्या जमल्यात. थांब, स्पीकरवर टाकते, सगळ्यांशी बोल."

"स्पीकर नको, नंदा," मी म्हटलं. "एकटी कुठेतरी बस. आणि ईरालाही बोलाव."